फुशारकीची चार दारं

उपासनेत साक्षीची वेळ झाली की साळवेसर कानातलं यंत्र काढून ठेवायचे. गुपचूप नाही, चांगलं सगळ्यांदेखत. आधी चष्म्याचं घर उघडायचे, यंत्र रुमालाच्या कोपऱ्यानं पुसायचे, आत ठेवून टक्कन झाकण लावायचे आणि हाताची घडी घालून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. शेवटच्या माणसाचं बोलून झालं, लोक 'आमेन' म्हणाले, की यंत्र पुन्हा कानात.

आमची ख्रिस्ती मंडळी नवीन पनवेलला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. खाली रविवारीसुद्धा पाइप कापायचं काम चालू असतं, त्यामुळे प्रार्थनेत थोडा लोखंडाचा आवाज मिसळलेला असतो. मी तिथं बाजाची पेटी वाजवते. पेटी पुढे, पाळकांच्या डाव्या हाताला, लोकांकडे तोंड करून ठेवलेली. त्यामुळे प्रार्थनेत डोळे कोण मिटतं आणि मोबाइल कोण बघतं, हे देवाच्या खालोखाल मला ठाऊक असतं.

साक्ष म्हणजे काय, ते आमच्यात न वाढलेल्यांना सांगायला हवं. उपदेशाआधी दहा-पंधरा मिनिटं मोकळी ठेवतात. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते ज्यानं-त्यानं उठून सांगायचं. पद्धत चांगली आहे. नवऱ्याची दारू सुटली म्हणून रडत उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे, तिच्याबरोबर रडलेही आहे. पण बऱ्याचदा 'माझ्यासारख्या धुळीच्या कणावर प्रभूनं कृपा केली' अशी सुरुवात होते आणि बघता बघता धुळीचा कण खारघरच्या फ्लॅटपाशी, सुनेच्या पगारापाशी, कॅनडाच्या व्हिसापाशी जाऊन पोचतो. देव सुरुवातीला येतो आणि शेवटी येतो. मधली सगळी जागा फ्लॅटला लागते.

नवे पाळक आले तेव्हा त्यांना सरांचा हा प्रकार खटकला. उपासनेनंतर चहाच्या वेळी ते म्हणाले, "सर, लोकांना वाटतं तुम्ही त्यांना तुच्छ लेखता."

"पाळकसाहेब," सर म्हणाले, "दारू सुटलेल्या माणसाला बारमध्ये बसवू नये."

पाळक हसले. आम्हीही हसलो. सर हसले नाहीत, त्यांनी बशीतली खारी उचलली आणि चहात बुडवली.

दयानंद साळवे मूळचे नगरकडचे. पनवेलच्या एका शाळेत हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. उंच, काळेसावळे, कपाळ मोठं, आणि आवाज असा की हॉलमधला माइक बिघडला तर कोणी दुरुस्तीला धावायचं नाही, सरांना उभं करायचे. मंडळीत सगळे त्यांना सरच म्हणायचे. आयुष्यभर मराठी शिकवलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर ग्रीक शिकायला बसला, तेही कोणी शिकवायला नसताना. रद्दीच्या दुकानातून आणलेला जाडजूड शब्दकोश, मोबाइलवर कुण्या परदेशी म्हाताऱ्या शिक्षकाचे व्हिडिओ, आणि समोर बायबलचा नवा करार, मूळ ग्रीकमधला. शेजारच्या बाईंना वाटायचं, सर कुठला तरी जप करतात.

ग्रीक शिकण्याचं कारण लोक वेगवेगळं सांगायचे. सर एकच सांगायचे. "आपल्याला कोणता आजार आहे, त्याचं नाव तरी डॉक्टरला विचारतो ना आपण? मराठीत नुसतं फुशारकी म्हटलं की माणूस सुटतो. मला नेमकं नाव पाहिजे होतं."

आजार खरा होता. तो मी पेटीमागून वर्षानुवर्षं पाहिला होता.

सरांना एकच मुलगा, प्रशांत. तो जन्मला त्या आठवड्यातच सरांनी साक्ष दिली, की बायबलातल्या शमुवेलाच्या आईसारखं मी माझं एकुलतं एक मूल प्रभूला दिलं. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मूल मोठं होत गेलं तशी साक्षही मोठी होत गेली. प्रशांतनं पाठांतरात बक्षीस मिळवलं, साक्ष. प्रशांतनं इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला नाही, साक्ष. "जग ज्याच्यामागे धावतं त्याला माझ्या पोरानं लाथ मारली!" सर गरजायचे. सुलोचनाबाई, त्यांच्या पत्नी, मागून कोटाचं टोक ओढायच्या. सर कोट सोडवून घ्यायचे. प्रशांत दुसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेला असायचा, आणि सगळे म्हणायचे, पोरगा किती नम्र आहे!

मग प्रशांत पुण्याला धर्मशिक्षणाच्या कॉलेजात गेला. आता दर रविवारी त्याची खबर यायची. मंडळीचा पुढचा पाळक आपल्याच घरातला, हे ऐकून आम्हीही सुखावत होतो. खोटं कशाला बोलू, सर बोलायला उठले की मला बरं वाटायचं. इतरांच्या साक्षी रटाळ असायच्या, सरांची ऐकावीशी वाटायची. फुशारकीला ऐकणारा लागतो, असं सर पुढे म्हणायचे. त्या ऐकणाऱ्यांत मी अगदी पुढे होते.

दोनएक वर्षांनी सर कुणाच्या तरी मातीला तळोज्याला गेले होते. परत येताना रस्त्यावर रिक्षाची वाट बघत होते. समोर कारखान्याची बस थांबली आणि पाळी सुटलेली माणसं उतरली. त्यांत निळ्या गणवेशात, हातात हेल्मेट घेतलेला प्रशांत होता.

त्यानं कॉलेज केव्हाच सोडलं होतं. उपदेशाच्या व्यासपीठावर, पुलपिटावर, उभं राहिलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची, आणि खरी आवड यंत्रांची होती. तळोज्यात चार पोरांबरोबर खोली घेऊन तो राहत होता. घरापासून रिक्षानं तासभराच्याही आत, आणि नाताळला घरी यायचा तो पुण्याहून आल्यासारखा. सरांनी वडापावच्या गाडीपाशीच त्याला विचारलं, "एवढं खोटं? घरी एक शब्द सांगता आला नाही?"

प्रशांत म्हणाला, "तुम्ही दर रविवारी मला उचलून वर ठेवत होतात, बाबा. मी खाली उतरणार कुठून?"

हे वाक्य सरांनीच मला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं घसा बसलाय.

त्या महिन्यात सरांनी शब्दकोश आणला. वर्षभरानं त्यांच्या घरी आम्हा तिघा-चौघांचा ग्रीकचा वर्गही सुरू झाला. प्रशांत तोवर आईच्या आग्रहानं घरी राहायला आला होता, घरूनच पाळीला जायचा. आम्ही आलो की चपला घालून बाहेर पडायचा. वर्ग म्हणजे चहा, चिवडा आणि सरांची चार दारं.

"बढाईच्या घराला बायबलात चार दारं आहेत," सर सांगायचे, "मी चारही दारांनी आत जाऊन आलोय. पहिलं दार, अलाझोन. हा कोण? तर गावोगाव हिंडून औषध विकणारा भोंदू. आपल्याकडे जे नाही ते आहे म्हणून सांगणारा. उद्या अमुक शहरात जाऊ, तमुक कमावू, असं म्हणणाऱ्यांना याकोब आपल्या पत्रात हेच सुनावतो. अरे, उद्या तुझा आहे का? माझा पोरगा पाळक होणार, हे मी कुणाच्या जिवावर बोलत होतो? दुसरा हुपेरेफानोस. हा तोंडानं बोलतही नाही. नुसता स्वतःला इतरांच्या वर धरतो. चालण्यातून कळतं. तिसरा शब्द फुगण्याचा. लोहाराच्या भात्यासारखं, आत नुसती हवा. प्रीती फुगत नाही, असं प्रेषित पौल म्हणतो, तिथं हा शब्द आहे."

"आणि चौथं?" आमच्यातलं कोणी विचारायचं.

"चौथं दार अवघड. काउखाओमाइ. अभिमान मिरवणं. पण हा शब्द पौल चांगल्या अर्थानंही वापरतो. मिरवायचंच असेल तर प्रभूला मिरवा, म्हणतो. मी माझा अशक्तपणा मिरवीन, म्हणतो. हे दार देवाच्या अंगणातही उघडतं, आणि परत आपल्याच घरातही. आत गेल्याशिवाय कळत नाही, आपण कुठं आहोत."

हे त्यांना तेव्हाच इतकं स्पष्ट कळलं होतं असं नाही. पहिली तीन दारं त्यांनी पुस्तकातून शिकवली, चौथं पुढे भोगून.

इथून पुढचं लिहू का, असं मी प्रशांतला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "लिहा मावशी. पण रडवू नका."

म्हणून साधंच सांगते. त्या हिवाळ्यात मैदानावर मोठ्या संजीवन सभा झाल्या. आसपासच्या मंडळ्या आल्या होत्या, उरणहून टेम्पो भरून लोक आले होते. दुसऱ्या संध्याकाळी सरांनी साक्ष दिली. पहिल्यांदाच ते फुशारकीबद्दल बोलले, स्वतःच्या. आपण कसे अलाझोन झालो, पोराला कसं मिरवलं, आणि मग देवानं आपल्याला कसं आपटलं. मग बस आली. निळा गणवेश आला. चार पोरांची खोली, तिथली एकच मोरी, पुण्याहून आल्याचं नाटक करत नाताळला आणलेली चिक्की. प्रशांत हे नाव त्यांनी कितीदा घेतलं, मोजलं नाही. शेकडो लोक हुंदके देत होते.

आमच्याकडे साक्ष रंगली की पेटीवर हळू सूर धरतात. कोणी सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. मी सूर धरला होता. अगदी मनापासून. आणि लोकांकडे तोंड असल्यामुळे मागच्या रांगेत आईशेजारी बसलेला प्रशांत मला दिसला. तो पाळीवर जायच्या तयारीनं आला होता. त्यानं खुर्चीखालचं हेल्मेट उचललं, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मी पाहिलं, आणि मी वाजवतच राहिले. त्या सुरांची मला आजही लाज वाटते. सर एवढे रंगले होते, ते त्यांना एकट्याला साधलं नसतं.

प्रशांत घरी आला नाही. तळोज्याच्याच खोलीवर परत गेला.

इथंच सर थांबले असते तर! पण ती साक्ष गाजली. उरणला बोलावणं आलं, अलिबागला आलं, ठाण्याला आलं. सर गेले. मुलगा दुखावलाय हे त्यांना कळत होतं, पण लोकांचं भलं होतंय असं ते स्वतःला सांगत होते. प्रत्येक ठिकाणी साक्ष आधीपेक्षा सुबक व्हायची. ठाण्याहून परत येताना टॅक्सीत मी होते, सुलोचनाबाई होत्या. कळंबोलीपाशी सुलोचनाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अहो, आता तुमच्या रडायच्या जागासुद्धा ठरल्यात."

पुढच्या वर्गाला आम्ही गेलो तेव्हा समोर पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र उघडं होतं. चहा नाही, चिवडा नाही.

"पौलानं अशक्तपणा मिरवला," सर म्हणाले, "पण स्वतःचा. मी माझ्या पोराचा मिरवला. आधी त्याची हुशारी विकली, ती संपली तेव्हा त्याची फजिती विकली. दोन्ही वेळा त्याच्या पाठीवर उभा राहून मी उंच दिसलो." मग पुस्तक मिटून म्हणाले, "आज एवढंच."

त्यानंतर सरांनी कधी साक्ष दिली नाही. कानातलं यंत्र काढून ठेवायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. आमच्या काही लोकांना वाटलं, ग्रीक शिकून सरांना शिंगं फुटली. मी एकदा स्पष्टच विचारलं. म्हणाले, "दुसऱ्याचं ऐकलं की माझ्या जिभेला पाणी सुटतं हो. वाटतं, यापेक्षा मी बरं सांगितलं असतं. तेवढं वाटलं की संपलं, मी पुन्हा आतच."

सुलोचनाबाई महिन्यातून दोनदा डबा घेऊन तळोज्याला जायच्या. त्या परत आल्या की सर दारातच विचारायचे, "काय म्हणाला?"

"काही नाही. बोंबील आवडले."

एवढ्यावर त्यांना पंधरा दिवस काढावे लागायचे. तुम्ही स्वतः जाऊन माफी का मागत नाही, असं मी त्यांना म्हटलं. शहाणपणा शिकवायला काय जातं! सर म्हणाले, "गेलो होतो. त्यानं दार उघडलं. मी म्हटलं, चुकलो. तिथं थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला एका शब्दावर थांबायची सवय नाही. म्हटलं, 'चुकलो, आणि या चुकीतून देवानं मला...' तो म्हणाला, 'बाबा, माझी पाळी आहे.' दार लावून घेतलं. त्याचं बरोबर होतं. माफीचंही मी भाषण करायला निघालो होतो."

गेल्या वर्षी सरांचं हृदय दुबळं झालं. पाय सुजले, दोन जिने चढणं होईना. त्यांना पनवेलच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं. सुलोचनाबाईंना त्यांना उठवून बसवणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रशांतला फोन केला. तो आला. रजा टाकून रोज येऊ लागला. सरांना उठवायचा, तोंड पुसायचा, औषधं आणायचा, आणि स्टुलावर बसून मोबाइल बघायचा. दोघांत बोलणं म्हणजे "पाणी?" आणि "हं." त्या दोन शब्दांचंसुद्धा सरांना काय वाटत होतं, ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. मला एकटीला गाठून म्हणाले, "शीलाताई, मी काही बोललो तर हा उठून जाईल. आणि न बोलता मला येत नाही. प्रार्थना करा, माझं तोंड बंद राहू दे." आयुष्यात दुसरी कुठलीच प्रार्थना त्यांनी मला करायला सांगितलेली नव्हती.

पुढे त्या दुखण्यातून सर उठले नाहीत. अंत्यविधीला सहा जण बोलले, सगळे चांगलंच बोलले, आणि कोणीतरी खूण केली तरी मी सूर धरला नाही. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं, हॉस्पिटलातलं.

शेजारच्या खाटेवर उरणकडच्या एका गावातले म्हातारे आगरी बाबा होते. साखर वाढली म्हणून आणलेले, पण तोंड एकदम खणखणीत. जो कोणी वॉर्डात येईल त्याला ते घरची खबर द्यायचे. "माझा मोठा पोऱ्या हाय ना, त्याचे डंपर हायेत. धाकल्यानं बंगला बांधलाय, तीन मजली. असा बंगला आख्ख्या गावात नाय! तुमी बरं व्हा, मंग या बगायला."

मला हसू आवरेना. सरांकडे वाकून मी हळूच म्हटलं, "सर, पहिलं दार की तिसरं?"

सरांनी मान हलवली. "कुठलंच नाही. म्हातारा खूश आहे, एवढंच. पोरं रोज भेटायला येतात त्याला." आणि माझं हसू जागच्या जागी विझलं. माणसांवर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते, असं मला वाटत होतं. त्यांनी त्या फक्त स्वतःवर चिकटवल्या होत्या.

तेवढ्यात बाबांनी कूस बदलली आणि सरांकडे मोर्चा वळवला. "मास्तर, ह्यो तुमचा पोऱ्या ना? लय सेवा करतं. काय करतं तो?"

प्रशांतचा मोबाइलवरचा अंगठा थांबला. सुलोचनाबाई मोसंबं सोलत होत्या, त्यांचे हातही थांबले. कारण या प्रश्नाला सरांकडे दोनच उत्तरं होती, दोन्ही तयार, दोन्ही गाजलेली, आणि दोन्हींना हा पोरगा उठून गेला असता.

सरांनी उशीवर डोकं नीट टेकलं. श्वास घेतला. मग म्हणाले, "बसलाय ना इथं. त्यालाच विचारा."

प्रशांतनं वडिलांकडे पाहिलं. मग त्यानं स्टूल फिरवून दोन खाटांच्या मधे घेतलं आणि म्हणाला, "तळोज्याला आहे, आजोबा. बॉयलर बघतो."

"बायलर? तो भडकतं ना?"

"भडकू द्यायचा नाही, तेच तर काम," प्रशांत म्हणाला, आणि सांगू लागला. पाणी किती ठेवायचं, वाफेचा दाब कसा बघायचा, रात्रीच्या पाळीत एकदा झडप अडकली तेव्हा काय केलं. हातानं हवेत नळ्या काढून दाखवत होता. ज्या पोराची जीभ पुलपिटावर टाळूला चिकटायची तो थांबायचं नाव घेईना, आणि आगरी बाबा "आयला! मंग?" करत त्याला आणखी बोलतं करत होते. त्यानं ती झडप एकट्यानं सोडवली होती. सांगताना त्याचा आवाज जरा चढला, जरा फुशारला, अगदी सरांच्या चालीवर.

सर डोळे उघडे ठेवून ऐकत होते. मधे दोनदा त्यांचे ओठ हलले. दोन्ही वेळा त्यांनी ते मिटून घेतले.